चार टक्के वेगानं धावणारे तुकाराम

माझ्या कपाटात 'संत तुकाराम' चार वेळा आहे. एक दोन डिस्कची व्हीसीडी. एक साधी डीव्हीडी. काही वर्षांनी नवं कव्हर घालून आलेली 'खास आवृत्ती'. आणि तीन जुने चित्रपट एकाच डिस्कवर कोंबलेला 'थ्री इन वन'. चारही मी पैसे मोजून घेतल्यात. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली पडद्यावर आणलेला चित्रपट जसाच्या तसा या चारपैकी एकीतही नाही.

मी हट्ट्याचा. वसमत तालुका, हिंगोली जिल्हा. (१९९९पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यात होतो.) गावाच्या नावातच हट्ट असल्यावर माणूस दुसरं काय करणार? 'आहे की सगळं यूट्यूबवर, कशाला डिस्क जमवतोस?' हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर समजा. आणि ते तुमच्यासाठीही आहे, कारण तुमच्या फोनवर जो जुना मराठी चित्रपट दिसतो, तो बऱ्याचदा माझ्या कपाटातल्याच एखाद्या डिस्कवरून तिथं गेलेला असतो.

आमच्याकडे डिस्क आली ती बाजाराच्या पिशवीतून. हळद विकायला वसमतला किंवा कामाला परभणीला गेलेला माणूस येताना एखादी व्हीसीडी घेऊन यायचा. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या आदल्या रात्री टीव्ही आणि व्हीसीडी प्लेअर भाड्यानं आणायचे, आणि वीज असेपर्यंत पिक्चर चालायचा. व्हीसीडीचं तंत्र १९९३ सालचं. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं मावायची. म्हणून प्रत्येक पिक्चरला एक सक्तीचं मध्यंतर असायचं, आणि ते दिग्दर्शकानं ठरवलेल्या जागी कधीच नसायचं. गाण्याचं एक कडवं पहिल्या डिस्कवर, दुसरं दुसऱ्या डिस्कवर. तरी लोक खूश होते. एरवी जे चित्रपट जत्रेतल्या तंबूत नाहीतर दूरदर्शनच्या मर्जीनं दिसायचे, ते आता हातात आले होते.

मग २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. तोवर अस्सल डिस्कला शंभराच्या पुढं मोजावे लागायचे. आता पायरेटेड आणि अस्सल यांच्या किमतीत फरकच उरला नाही. माझ्यासारख्याचा संग्रह खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. आणि तक्रारींची वहीसुद्धा.

वहीतली पहिली तक्रार वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चौकटींचा. फिल्म टीव्हीच्या टेपवर उतरवताना सोपा मार्ग एकच: २४ ऐवजी २५नं पळवायची. वेग चार टक्क्यांनी वाढतो. दोन तासांचा चित्रपट साधारण ११५ मिनिटांत संपतो. चालणं-बोलणं थोडं लगबगीचं होतं आणि आवाज चढतो. पेटीवर पांढऱ्या पट्टीवरून लगतच्या काळ्या पट्टीवर जाताना जेवढं अंतर, त्याच्या सत्तर टक्के. कान तयार असेल तर हे लपत नाही. आमच्या आजीनं विष्णुपंत पागनीसांचे अभंग वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकलेले. डीव्हीडी लावली तेव्हा ती म्हणाली, "पागनीसांचा आवाज एवढा बारीक न्हवता रे. दुसऱ्याच कुणाला गायला लावलंय का?" तिला पाल पद्धत माहीत नव्हती, पण निदान अचूक होतं.

याचा एक व्यावहारिक उपयोग लक्षात ठेवा. डिस्कवरचा चित्रपट नोंदीतल्या लांबीपेक्षा चार-पाच मिनिटांनी कमी भरला की संग्राहक लगेच 'कापला, कापला' म्हणून ओरडतात. आधी मिनिटांना २५नं गुणा आणि २४नं भागा. जुळलं, तर कात्री लागलेली नाही, नुसता वेग वाढलाय. नाही जुळलं, तर मात्र कुणीतरी काहीतरी काढलंय.

दुसरी तक्रार चौकटीची. १९३० ते ५०च्या काळातला पडदा जवळपास चौकोनी होता. रुंदी उंचीच्या सव्वापटीपेक्षा जरा जास्त, एवढंच. रुंद टीव्ही आले तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायला लागल्या, आणि गिऱ्हाइकाला वाटलं की आपले पैसे वाया चाललेत. मग विकणाऱ्यांनी चित्र ताणून वरून-खालून छाटलं. चारास तीन या मापाचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर पूर्ण भरायचं, तर उंचीचा चौथा भाग जातो. माझ्या 'खास आवृत्ती'त उभ्या माणसाचं कपाळ कापलेलं असतं आणि बसलेल्याचे हात. प्रभातचे नेपथ्यकार साहेबमामा फत्तेलाल यांनी उभी केलेली घरं, देवळं, कमानी बघायच्या तर छपराशिवाय बघायच्या. गंमत म्हणजे पूर्ण चौकट सापडते ती सगळ्यात अंधुक, सगळ्यात स्वस्त व्हीसीडीवर. तिच्यात एका चौकटीत जेमतेम एक लाख ठिपके (३५२ गुणिले २८८), तर डीव्हीडीत चार लाखांवर. म्हणजे निवड अशी: धूसर पण सगळं बघा, किंवा स्वच्छ पण तीन चतुर्थांश बघा.

तिसरी तक्रार 'डिजिटली रिमास्टर्ड' या दोन शब्दांची. खरं रिमास्टरिंग म्हणजे मूळ निगेटिव्हपर्यंत किंवा उरलेल्या सगळ्यात चांगल्या प्रिंटपर्यंत मागं जायचं आणि एकेक चौकट नव्यानं स्कॅन करायची. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी असतात. हे काम महिनोन्‌महिन्यांचं आणि महागडं. माझ्या डिस्कवर तेच ओरखडे त्याच जागी आहेत, तोच केस त्याच प्रसंगात चौकटीच्या कडेला थरथरतो. याचा अर्थ व्हीसीडी, डीव्हीडी आणि 'खास आवृत्ती' या तिन्ही एकाच जुन्या व्हिडिओ टेपच्या लेकी आहेत. नवीन आहे ते कव्हर, आणि कोपऱ्यात कायमचा बसलेला कंपनीचा शिक्का. 'थ्री इन वन'चं तर विचारूच नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर तीन चित्रपट म्हणजे एकेकाला दीड जीबी. पावसाच्या प्रसंगात पाऊस दिसत नाही, चौकोनी ठोकळे पडताना दिसतात. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, रिमास्टर हाय म्हणून छापलंय की!"

इथवर वाचून वाटेल, दोष सगळा विकणाऱ्यांचा. पण टेपच्या मागं जायला जागा तरी किती उरली आहे, हेही बघायला हवं.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला आली. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की स्वतःच प्राणवायू तयार करते, त्यामुळं पाण्याखालीही जळत राहते. न पेटली तरी दमट हवेत हळूहळू कुजते. शिवाय तिच्यात चांदी असते, म्हणून आपल्याकडे कित्येक प्रिंट धुऊन चांदी काढून घेतली गेली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगावहून डबे गोळा केले, म्हणून जे आहे ते आहे. पण जानेवारी २००३मध्ये पुण्यातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्मसकट अनमोल साठा जळाला. मी वसमतच्या दुकानात डिस्क चाळायला लागलो, तोवर मागं जायचा एक रस्ताच बंद झाला होता.

बाहेर काय झालं, तेही बघा. सत्यजित राय यांच्या 'अपू'त्रयीची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. ते आखडलेले, वितळलेले तुकडे सांभाळून ठेवले गेले, इटलीच्या प्रयोगशाळेत एकेक करून सोडवले गेले, आणि २०१५ साली त्रयी पुन्हा झळाळली. 'शोले'चा सेन्सॉरमुळं बदललेला मूळ शेवट २०२५ साली, पन्नास वर्षांनी, मोठ्या पडद्यावर आला. आपल्याकडे 'पिंजरा' २०१६ साली डिजिटल रूपात पुन्हा थिएटरात लागला. म्हणजे हे होऊ शकतं. पण त्यासाठी कुणीतरी जळका तुकडासुद्धा फेकून न देता ठेवावा लागतो.

'मूळ' हा शब्दही सरळ नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं आपण १९१३ची म्हणून बघतो, पण अनेक अभ्यासकांच्या मते ती फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत. बालगंधर्वांचा 'धर्मात्मा' (१९३५) आधी 'महात्मा' होता. सेन्सॉरनं नाव बदलायला लावलं. 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) हे तर एका गोष्टीचे दोन वेगळे चित्रपट. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, हिंदीत मझहर खान आणि जागीरदार. एक बघितला की दुसरा बघितला, असं होत नाही. तरी कव्हरवर एकाचा फोटो आणि आत दुसरा, असा प्रकार माझ्या वाट्याला आलेला आहे.

आता डिस्कही मरायला लागल्यात. आतला ॲल्युमिनियमचा थर हवा लागून काळवंडतो, कडेपासून भोकं पडतात, प्लेअर अडखळतो. आणि प्लेअर तरी कुठं मिळतो? नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते. म्हणून मी सगळं हार्ड डिस्कवर उतरवतोय आणि प्रत्येकीपुढं चार गोष्टी लिहितोय: किती मिनिटं, चौकट पूर्ण की छाटलेली, कुठली गाणी आहेत, कुठला प्रसंग गळलाय. चार वाईट आवृत्त्या शेजारी ठेवल्या की हळूहळू मूळ चित्रपटाचा आकार दिसायला लागतो. एकीतली चौकट, दुसरीतली स्पष्टता, तिसरीत राहून गेलेली श्रेयनामावली.

तुम्हाला डिस्क जमवायला मी सांगणार नाही. पण फोनवर जुना चित्रपट लावलात, तर पडदा भरावा म्हणून दोन बोटांनी चित्र ताणू नका. उरलेली डोकीही त्यात जातात. खालची मिनिटं बघा आणि २५ गुणिले, भागिले २४ करून पाहा. आणि घरातल्या माळ्यावर डिस्कची पिशवी सापडली, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा चालवून बघा. सगळ्यात फालतू दिसणाऱ्या डिस्कवर एखादं कडवं असं असेल, जे आता दुसरीकडे कुठंच नाही.