खैराचा कात आणि लोखंडाचा स्पर्श

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांच्या डोंगराळ रानांत खैराचे झाड वाढते, आणि त्याच्या तांबूस गाभ्यापासून कात काढणे हा या भागातील काथोडी, म्हणजेच कातकरी, समाजाचा पिढीजात धंदा होता. जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातील वारली व काथोडी या दोन वनवासी जमातींवर लिहिलेला लेख १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच्या सरकारी ग्रंथांतही काथोडींची ओळख प्रामुख्याने कात करणारे लोक अशीच नोंदलेली आहे. मात्र या कामामागे असलेल्या पदार्थज्ञानाची दखल क्वचितच घेतली गेली. धातू आणि वनस्पतिज द्रव्ये यांच्या संयोगाविषयीचे ते ज्ञान रसायनशास्त्राच्या इतिहासात मोजले जाण्याच्या योग्यतेचे आहे.

खैराची साल व बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकून गाभ्याच्या ढलप्या पाडल्या जात, त्या मातीच्या मडक्यांत पाण्याबरोबर दीर्घकाळ उकळल्या जात, आणि गाळलेला काढा पुन्हा आटवून दाट झाला की तो सावकाश निवू दिला जाई. कातातील मुख्य द्रव्य कॅटेचिन हे गरम पाण्यात सहज विरघळते, पण थंड पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे निवताना ते बारीक स्फटिकांच्या रूपाने खाली बसते आणि टॅनिन, म्हणजे तुरट चवीचे व कातडे कमावणारे द्रव्य, बरेचसे वरच्या पाण्यात राहते. साका निथळून वाळवला आणि कापला की वड्या तयार होतात. या कामात मडके मातीचेच असणे महत्त्वाचे होते, कारण काढा लोखंडी भांड्यात उकळला तर तो काळपट होतो आणि असा कात विड्यासाठी निरुपयोगी ठरतो. खैर तोडणारी कुऱ्हाड लोखंडाचीच असे, हे खरे. परंतु कोरड्या लाकडाला झालेल्या क्षणिक स्पर्शाने फारसे बिघडत नाही. लोखंडाचा अंश पाण्यात उतरून कॅटेचिनला भेटतो तेव्हाच रंग बदलतो.

हा बदल का होतो, याचे उत्तर लोखंडाच्या अणुरचनेत आहे. लोखंड, तांबे, क्रोमियम, मँगॅनीज ही संक्रमणी मूलद्रव्ये होत, म्हणजे ज्यांच्या अणूंत किंवा आयनांत ‘डी’ नावाची इलेक्ट्रॉनकक्षा अर्धवट भरलेली असते अशी मूलद्रव्ये. असा धातूचा आयन आपल्याभोवती इतर रेणूंना ठरावीक संख्येने व ठरावीक दिशांनी बांधून घेतो. अशा संयुगाला जटिल संयुग आणि बांधल्या गेलेल्या रेणूला लिगंड म्हणतात. या रचनेची उपपत्ती आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली मांडली आणि १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कॅटेचिनच्या रेणूत एका वलयावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांतील दोन ऑक्सिजन अणू लोखंडाच्या आयनाला खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे दोन्ही बाजूंनी पकडतात. या पकडीतून प्रकाशाच्या ऊर्जेने लिगंडकडील इलेक्ट्रॉन धातूकडे सरकू शकतो, दृश्य प्रकाशाचा मोठा भाग त्यातच शोषला जातो, आणि द्रवाला हिरवट, निळसर किंवा काळी छटा येते. विड्यात चुन्यामुळे कात लाल होतो तो बदल मात्र धातूच्या पकडीचा नव्हे. चुन्याच्या अल्कधर्मामुळे कॅटेचिनचे हवेत ऑक्सिडीकरण होते, आणि तो रंग त्याचा आहे.

कात करणाऱ्यांनी जो संयोग टाळला, तोच शाई करणाऱ्यांनी व रंगाऱ्यांनी मुद्दाम घडवून आणला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील हिरड्याच्या फळांत टॅनिन विपुल असते. त्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, घातले की आरंभी फिका दिसणारा द्रव हवेतील ऑक्सिजनने लोखंड अधिक ऑक्सिडीकृत होताच गडद काळा होतो, आणि अशा शाईचा लेख कागदाच्या तंतूंत मुरून बसतो. कातापासून उरणाऱ्या टॅनिनयुक्त द्रव्याचा कापडावर तपकिरी रंग पक्का करण्यासाठी मोरचूद किंवा पोटॅशियम डायक्रोमेट वापरले जाई; डायक्रोमेटमधील क्रोमियम टॅनिनचे ऑक्सिडीकरण करते, स्वतः त्रिसंयुजी होते आणि धाग्यावर रंगद्रव्याशी बांधले जाते.

काथोडींच्या हातून हा धंदा गेला तो ज्ञान आटल्यामुळे नव्हे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ पर्यंत वेगळे होते, तर मोखाडा हा ब्रिटिश अंमलाखालील ठाणे जिल्ह्याचा भाग होता, आणि तेथे १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातील झाड तोडणे गुन्हा ठरले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रहिवाशांच्या वाढत्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ साली आला. कात पाडणाऱ्यांपैकी अनेकांना कोळसा पाडण्याच्या कामाकडे आणि पुढे वीटभट्ट्यांच्या हंगामी मजुरीकडे वळावे लागले. ज्यांच्या कौशल्यावर हा व्यापार उभा होता त्यांनाच परक्यांच्या भट्टीवर उभे राहावे लागले, हा अन्याय स्पष्ट शब्दांत नोंदवला पाहिजे.

कोकणात चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे काताचे कारखाने उभे राहिले. यंत्रे बदलली तरी शुद्ध कात करताना साध्या लोखंडाचा स्पर्श टाळावाच लागतो. स्टेनलेस स्टीलचे पात्र मात्र चालते. या पोलादात लोखंडच अधिक असते, परंतु निदान साडेदहा टक्के असलेले क्रोमियम पृष्ठभागावर आपल्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरून ठेवते, त्यामुळे लोखंड काढ्यात उतरत नाही आणि कॅटेचिनच्या पकडीत सापडत नाही.