काचेवर साठविलेला प्रकाश

अंधाराला सरावलेली दृष्टी एखाद्या अंधुक तेजोमेघावर तासभर खिळवून ठेवली, तरी तो अधिक उजळ दिसू लागत नाही. कारण प्रकाशाचा संचय करण्याची शक्ती डोळ्याला नाही. रासायनिक लेप दिलेल्या काचेची गोष्ट निराळी. तिच्यावर पडणारा प्रकाश क्षणाक्षणाने जमेस धरला जातो, आणि जे नेत्रांना कधीच गोचर झाले नसते ते तिच्यावर उमटते. या गुणाचा उपयोग आकाशाच्या कामी प्रथम कोणी केला, याची हकीकत शोधू गेल्यास वेधशाळांच्या दप्तरांपेक्षा हौशी माणसांच्या परसदारीच अधिक काळ रेंगाळावे लागते.

दाग्येरची छायाचित्र घेण्याची कृती १८३९ साली जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे रसायनाचे अध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राची प्रतिमा धातूच्या पत्र्यावर उतरविली. १८५० च्या जुलैत हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड आणि व्यावसायिक छायाचित्रकार व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचे चित्र घेतले. पुढे कलोडियनची ओली काच आली. परंतु ती लेप वाळण्यापूर्वीच, म्हणजे काही मिनिटांतच, वापरून धुवावी लागे, त्यामुळे अंधुक वस्तूंसाठी ती निरुपयोगी होती. डॉ. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचेने ही मुदतीची अडचण दूर केली, आणि माझ्या मते या कलेचा खरा जन्म तेथेच झाला.

ड्रेपर यांचे चिरंजीव हेन्री यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांत घेतले. तथापि त्यावर मात केली ती लंडनच्या ईलिंग भागात राहणाऱ्या अँड्र्यू आइन्स्ली कॉमन यांनी. पेशाने आरोग्य-अभियंते असलेल्या या गृहस्थांनी आपल्या बागेत ३६ इंची परावर्ती दुर्बीण उभारली, आणि ३० जानेवारी १८८३ रोजी ३७ मिनिटांत घेतलेल्या त्यांच्या चित्रात दुर्बिणीतून पाहणाऱ्यांच्या नजरेला न आलेले तारे प्रकट झाले. काच डोळ्याच्या पुढे गेल्याचा हा पहिला निर्विवाद पुरावा होता, आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने दुसऱ्या वर्षी त्यांना सुवर्णपदक देऊन त्याची कदर केली.

मात्र केवळ काच पुरेशी नव्हती. दुर्बीण फिरविणारे घड्याळ थोडे जरी मागेपुढे झाले, तरी ताऱ्याचा बिंदू लांबट होई. म्हणून जोडदुर्बिणीत उभ्या-आडव्या तंतूंच्या छेदावर एक तारा धरून, हिवाळ्याच्या गारठ्यात डोळा न हलविता, हलक्या हाताने चाक फिरवीत बसावे लागे. लिव्हरपूलजवळ बांधकामाचा व्यवसाय केलेल्या आयझॅक रॉबर्ट्स यांनी डब्लिनच्या ग्रबकडून घडवून घेतलेल्या २० इंची दुर्बिणीने २९ डिसेंबर १८८८ रोजी देवयानीतील तेजोमेघाचे जे चित्र घेतले, त्यात त्याची सर्पिलाकार वळणे प्रथमच स्पष्ट दिसली. तेथे एखादी सूर्यमाला घडत असावी, हा त्यांचा तर्क हबल यांच्या १९२३ नंतरच्या वेधांनी रद्द ठरविला. चित्र मात्र आजही प्रमाण आहे, आणि या कलेची थोरवी मला यातच दिसते.

याच ग्रबची २० इंची दुर्बीण पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराज तख्तसिंहजी वेधशाळेत होती, आणि तिचे संचालक कावसजी नायगांववाला यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे मुक्काम ठोकून टिपले. हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ साली स्थापन झाली. आज तंतूंवरचा तारा लहानसा कॅमेरा सांभाळतो, आणि काही मिनिटांची अनेक चित्रे संगणकावर एकत्र करून तासांचा प्रकाश जमविला जातो. पण संचय करणारे साधन शहराच्या दिव्यांचा उजेडही तितक्याच इमानाने जमेस धरते. म्हणून पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींना अमावास्येच्या सुमारास दुर्बिणी गाडीत घालून दूर काळोखी माळ गाठावा लागतो.