मणिहारांचा रस्ता आणि लाखेची माता

सवाई जयसिंहाने 1727 साली वसविलेल्या जयपूर नगरीचा परिचय मराठी वाचकास बहुधा होळकरांच्या खंडणीच्या थकबाकीतून आणि 1751 च्या जानेवारीत तेथे झालेल्या मराठ्यांच्या कत्तलीतून झालेला असतो. परंतु ज्या त्रिपोलिया बाजारात जयसिंहपुत्र ईश्वरीसिंहाचा ईसरलाट हा मनोरा अद्याप उभा आहे, त्याच बाजारातून आत शिरणाऱ्या मणिहारांच्या रस्त्याचा इतिहास लिहावयाचा, तर तहनामे आणि फौजांचे हिशेब बाजूस ठेवून एका क्षुद्र कीटकाच्या उदरापर्यंत जावे लागते.

या गल्लीतील मुसलमान मणिहार पिढ्यान्‌पिढ्या लाखेचे चुडे घडवीत आले आहेत. दांड्याच्या टोकास लावलेला लाखेचा गोळा निखाऱ्यांवर मऊ करावयाचा, रंगीत लाखेची कांडी तापवून त्यावर फिरवावयाची, लाकडी हत्थ्याने दाबीत दाबीत त्याची लांबट वळी ओढावयाची, ती कापून ऊब आहे तोवरच तिची टोके सांधावयाची आणि निमुळत्या साच्यावर चढवून मनगटाचे माप साधावयाचे, हा सारा व्यवहार इतक्या त्वरेने चालतो की पाहणाऱ्यास त्यातील कौशल्य मागाहूनच उमगते. गुलालगोटा हेही याच हातांचे काम. लाखेचा इवलासा गोळा नळीने फुंकून अंड्याच्या टरफलासारखा पातळ करावयाचा आणि आत गुलाल कोंडावयाचा. होळीच्या दिवशी हत्तीवर आरूढ झालेले जयपूरचे राजे असे गोटे प्रजेवर फेकीत, आणि ते अंगावर फुटून इजा न करता रंग मात्र उधळीत.

ही लाख झाडाचा डिंक नसून कीटकाने स्रवलेली राळ आहे, हे या देशातील वनवासी जनांस पूर्वापार ठाऊक होते. युरोपच्या पंडितांस ते सविस्तर कळले 1781 साली, पाटण्याच्या जेम्स केर याचा वृत्तांत रॉयल सोसायटीने छापला तेव्हा. शास्त्राने पुढे या कीटकाच्या प्रजातीस केरचेच नाव दिले. खवलेकीटकांच्या कुळातील या जीवाची मादी कोवळ्या फांदीत एकदा सोंड रुतवून बसली की पुन्हा जागचे हलत नाही; कात टाकताना तिचे पाय गळतात, पंख तर तिला येतच नाहीत, आणि स्वतःच स्रवलेल्या राळेच्या कोठडीत ती अखेर एक फुगीर पिशवी होऊन राहते. त्या पिशवीत अंडाशयांची जोडी असते, आणि त्यांच्या वाहिन्यांवर आखूड अंडनलिका दाटीने लागलेल्या असतात. नलिकेच्या टोकाशी थोड्या पोषक पेशी आणि त्यांच्या खाली अंडपेशी, अशी मांडणी असून दोहोंस एक सूक्ष्म पोषकरज्जू जोडतो. या पेशी मूळच्या एकाच बीजपेशीच्या संतती, म्हणजे सख्ख्या बहिणी. परंतु एकीच्या नशिबी अंडे होणे येते, इतर आपले सत्त्व रज्जूवाटे तिला पुरवितात आणि तिच्यात पीतक साठून ती पुष्ट झाली की स्वतः क्षीण होऊन नाहीशा होतात. निसर्गाच्या दफ्तरात असला निष्ठुर जमाखर्च पदोपदी आढळतो. अंडी मातेच्या देहाखालील पोकळीत उतरताच फुटतात, आणि तांबडी पिले राळेतील छिद्रातून थव्यांनी बाहेर पडून नव्या डहाळीचा शोध घेतात.

लाखेच्या धंद्याचे सारे पंचांग या एका घटनेवर बेतलेले आहे. पळस आणि बोर यांवरची रंगीनी, कोशिंबावरची कुसुमी, या दोन्ही जाती वर्षास दोन पिके देतात. मादीच्या अंगावर पिवळा ठिपका दिसू लागला की पिलांची वेळ जवळ आली असे समजावे आणि बीजलाखेच्या काड्या तोडून नव्या झाडांस बांधाव्यात, हा शेतकऱ्याचा रिवाज. पिले निघून गेल्यावर उतरविलेली ती फुंकी, आणि त्याआधीच खरडलेली ती आरी. तांबडा रंग मातेच्या आणि गर्भांच्या देहात असल्यामुळे रंगाच्या व्यापाऱ्यांचा ओढा आरीकडे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी हा रंग विलायतेस कोचिनीलच्या जोडीने खपे. 1869 पासून कृत्रिम अलिझरीन बाजारात आले, त्यानंतर ती आमदानी आटली, आणि लाखेस पुन्हा बरे दिवस दाखविले ते ग्रामोफोनच्या तबकड्यांनी. 1924 साली रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था निघाली ती या नव्या मागणीच्या काळात.

जयपूरच्या मणिहारास मात्र रंग नको, राळच हवी. त्याच्या शेगडीपर्यंत पोहोचणारी लाख राजपुतान्याच्या रुक्ष भूमीत फारशी पिकत नाही; ती मुख्यतः झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश येथील रानांतून येते, आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या पळसांवरही ती थोडीबहुत होते. दरबाराने मणिहारांस आश्रय दिला खरा, पण राळेचा पुरवठा दरबाराच्या हुकुमाने वाढत नव्हता. माझ्या मते लाखेच्या धंद्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडलेली चूक म्हणजे उताविळीने खरडलेली आरी होय. कारण तिच्यासोबत पुढच्या पिकाचे बीजही तराजूत जाते.