चिकपेटचे रेशीम आणि मादीची खूण

बंगळुरूच्या चिकपेटेत रेशमी साडीच्या रंगावरून कितीही घासाघीस झाली, तरी किड्याने दिलेला मूळ रंग त्या दुकानापर्यंत पोहोचलेलाच नसतो. जुन्या म्हैसूर वाणाचा कोष हिरवट पिवळा असतो खरा. पण तो रंग मुख्यतः धाग्यावरील सेरिसिन या डिंकात असतो आणि धागा उकळताना धुऊन जातो. आनुवंशिकीच्या इतिहासात मात्र कोषाच्या रंगाने मोठी कामगिरी बजावली आहे.

1906 मध्ये तोयामा कामेतारो यांनी सयामच्या पिवळ्या व जपानच्या पांढऱ्या कोषांच्या वाणांचा संकर करून मेंडेलचे नियम कीटकांतही लागू पडतात, हे दाखवले. संकरित पहिली पिढी शेतकऱ्यांना द्यावी, हा आग्रहही त्यांचाच. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जमशेटजी टाटांनी जपानी जाणकारांच्या साह्याने बंगळुरूत रेशीमशेती उभारली होती.

संकर कागदावर सोपा असतो. एका वाणाच्या माद्या आणि दुसऱ्याचे नर हवेत. परंतु पतंग कोषाबाहेर येताच आपल्याच भाऊबंदांशी जोडी जमवतात. म्हणून आधीच कोष कापून, आतील प्यूपाच्या पोटाच्या टोकाशी असलेली बारीक खूण पाहून नर-मादी वेगळे करावे लागतात. हे काम सरावलेल्या नजरेचे आणि अतिशय कंटाळवाणे. त्यात चूक झाली, की संकरित म्हणून विकलेल्या अंडीपुंजांत शुद्ध वाणाची भेसळ होते आणि नुकसान शेतकऱ्याचे होते.

बदके पाळणाऱ्यांना असा पेच रंगावरून सोडवता येतो. तपकिरी नर आणि काळी मादी यांची पिल्ले पाहा: मुलगे काळे, मुली तपकिरी. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे, तर मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू असते. मुलीला तिचे एकमेव झेड पित्याकडून मिळते, त्यामुळे त्याचा सुप्त तपकिरी रंग तिच्यात उघड होतो. पतंगांतही हीच व्यवस्था आहे. किंबहुना अशा वारशाचा पहिला पुरावा 1906 मध्ये डॉन्कास्टर व रेनर यांना इंग्लंडातील एका पतंगातच मिळाला. पण बदकांची ही युक्ती एका पिढीपुरतीच. पुढच्या पिढीत रंग व लिंग यांची फारकत होते.

रेशमाच्या किड्यात कायमचा उपाय क्ष-किरणांनी दिला. एक डब्ल्यू असले की किडा मादी होतो, हे हाशिमोतो यांनी 1933 मध्ये दाखवले होते. 1940च्या दशकात ताजिमा यातारो यांना क्ष-किरणांच्या प्रयोगात, अळीच्या अंगावरील ठिपक्यांचे जनुक असलेला दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा तुटून डब्ल्यूला चिकटलेला आढळला. डब्ल्यू मुलग्याकडे जातच नाही. म्हणून मुली ठिपक्यांच्या, मुलगे कोरे, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. (किरण कोठे आदळेल हे कोणताही भौतिकशास्त्रज्ञ ठरवू शकत नाही. उपयोगी अपघात ओळखणे, हीच खरी कसोटी.) पुढे पिवळ्या रंगाचे जनुकही असेच डब्ल्यूवर आणून मादीचा कोष पिवळा, नराचा पांढरा, असे वाण जपानमध्ये सिद्ध झाले. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेनेही अशा लिंगमर्यादित वाणांवर काम केले.

डब्ल्यू मादी कशी घडवते, याचे उत्तर तोक्योच्या संशोधकांना 2014 मध्ये सापडले. तेथून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. निघतो तो आरएनएचा एक चिमुकला तुकडा, आणि तो झेडवरील नर घडवणाऱ्या जनुकाचा संदेशच कापून टाकतो.