ओटीटी सबस्क्रिप्शन : बघत नसताना पैसे का कापले जातात आणि ते कसे थांबवायचे?

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, झी५, सोनीलिव्ह... यातली कोणती अ‍ॅप्स तुमच्या फोनमध्ये आहेत हे तुम्ही लगेच सांगाल. पण दर महिन्याला पैसे कोणती घेतात? ओळखीतल्या मुलामुलींना मी हे विचारतो तेव्हा बहुतेकांना आधी फोन उघडून बघावं लागतं.

परवा पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेल्या एका मित्राची यादी बघितली. नेटफ्लिक्स बेसिक १९९, प्राइम २९९ आणि जिओहॉटस्टार प्रीमियम २९९. महिन्याचे झाले ७९७, वर्षाचे ९,५६४ रुपये. त्या महिन्यात त्याने बघितली एकच आठ भागांची सिरीज, म्हणजे साधारण सहा तास. तासाला १३३ रुपये पडले! घरी पाठवायचे पैसे मात्र हाच मुलगा दर महिन्याला मोजून बाजूला काढतो. ओटीटीचे पैसे मोजावेच लागत नाहीत, ते आपोआप जातात.

हे 'आपोआप' कसं चालतं ते समजून घेऊ. एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आणलं. कार्डावरच्या ऑटो पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. पहिल्यांदा तुमची परवानगी घ्यावी लागते, ओटीपी किंवा पिन टाकून. यालाच मँडेट म्हणतात. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा ओटीपी लागत नाही, आणि ओटीटीचा प्लॅन त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी असा नियम आहे. ती येतेही, पण लोनच्या जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. माझ्या मते ओटीटीचा खर्च वाचवायचा तर हा एक मेसेज वाचणं सगळ्यात कामाचं.

'१ रुपयात ट्रायल' घेतानाही मँडेटच तयार होतं. पिन टाकण्याआधी त्या स्क्रीनवर कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि शेवटची तारीख लिहिलेली असते. १ रुपयाकडे बघू नका, कमाल रकमेकडे बघा.

आता तपासायचं कुठे? गुगल पे किंवा फोनपेमध्ये प्रोफाइलवर जाऊन 'ऑटोपे' शोधा. दोन-तीन यूपीआय अ‍ॅप्स वापरत असाल तर प्रत्येकात बघा. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' उघडा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप केलं की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. इथे फक्त त्या स्टोअरमधून घेतलेलेच प्लॅन दिसतात, थेट कार्डाने किंवा यूपीआयने घेतलेले दिसत नाहीत. कार्डावरची मँडेट्स बँकेच्या अ‍ॅपमध्ये सापडतात. आणि हो, अ‍ॅप अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही! आधी त्या सेवेच्या अकाउंटमध्ये जाऊन 'कॅन्सल' करा, मग मँडेट उरलंय का ते बघा.

रिचार्जसुद्धा तपासा. जिओ आणि एअरटेलच्या काही प्लॅन्समध्ये ओटीटी आधीच असतं, आणि तेच अ‍ॅप लोक वेगळे पैसे भरूनही चालवतात.

आता वर्षाच्या प्लॅनबद्दल. एप्रिल २०२३ मध्ये प्राइमचा महिन्याचा दर १७९ वरून २९९ झाला, वर्षाचा १,४९९ वरच राहिला. हिशोब केला तर वर्षाचे पैसे म्हणजे साधारण पाच महिन्यांचे पैसे. पाचपेक्षा कमी महिने वापरणार असाल तर महिन्याचाच प्लॅन स्वस्त. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा मोबाइल प्लॅन तीन महिन्यांना १४९ आणि वर्षाला ४९९ होता. फक्त आयपीएलसाठी घेणाऱ्याला वर्षाच्या प्लॅनची गरजच नव्हती. (दर बदलत राहतात, घेण्याआधी अ‍ॅपमध्ये बघा.) प्राइमचं गणित थोडं वेगळं आहे, कारण त्यात डिलिव्हरीही येते. महिन्यातून चार पार्सलं मागवत असाल तर फक्त व्हिडिओचे तास मोजून चालणार नाही.

मी एका वेळी एकच अ‍ॅप चालू ठेवतो. महिन्याचा प्लॅन घेतला की त्याच दिवशी कॅन्सल करून टाकतो. नेटफ्लिक्ससारख्या सेवांमध्ये भरलेला महिना संपेपर्यंत बघता येतंच. पुढच्या महिन्यात बघायचं काही असेल तर पुन्हा घ्यायचं. यादी आणि प्रोफाइल जाईल ही भीतीही नको, नेटफ्लिक्स ते बंद केल्यानंतर १० महिने जपून ठेवतं.

कॅन्सलचं बटणच सापडत नसेल, किंवा दाबल्यावर पाच-सहा स्क्रीन फिरवत असतील तर? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न्स'ची जी यादी काढली, तिच्यात याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' असं नाव आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.