मोकळं रान

खानदेशात मूळचा कोण, असं विचारलं की आमची आजी थेट गुजरातेतल्या पावागडावर पोचायची. यावल तालुक्यातल्या लेवा घरातला तिचा जन्म, सासरही तिकडंच. तरी "गाड्या जुपल्या, देव संगे घेतले अन् तापीकाठी उतरलो," हे ती अशा थाटात सांगे, जणू कासरा तिच्याच हातात होता. साल विचारलं तर, "लय आगोदर." गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्यानं पावागड घेतला १४८४ मध्ये. आपले लोक तेव्हाच निघाले की ही जोड मागाहून लागली, याचा निवाडा आजीच्या दरबारात होत नसे.

"आलो तवा रान मोकळं व्हतं," हे मात्र ठाम. उशिरा आलेल्यांपुरतं ते खरंही आहे. लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश पिळून निघाला होता. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा कित्येक गावं उजाड पडलेली होती. कसणारा माणूस सरकारलाच हवा होता.

आलेल्यांनी काय केलं, ते रावेर-यावलच्या केळीबागांतून दिसतंच. असोद्याची बहिणाबाई, जन्म १८८०, या लेव्यांचीच लेक. अक्षरओळख नाही, जात्यावर, शेतात गायची. मुलानं, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये ती छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

केळीला ठिबक आलं, त्यामागे वाकोदच्या भवरलाल जैनांचं मोठं काम. घराणं मूळ राजस्थानातलं. भवरलालांनी १९६३ मध्ये धंदा सुरू केला तो रॉकेल विकून. लेव्याची केळी, मारवाड्याची नळी, असं आमचे काका म्हणत आणि स्वतःच हसत.

आजीचा भाऊ धुळ्याला स्थायिक झालेला. त्याच्या तोंडी इतिहासकार राजवाडे आणि साने गुरुजी. दोघेही कोकणातले. राजवाड्यांनी धुळ्यात देह ठेवला आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. पालगडचे गुरुजी अमळनेरला मास्तर होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. या दोघांना परका म्हणायची कुणाची छाती नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचं तसं नव्हतं. जळगावचे एक म्हातारे कापडवाले सांगत, शाळेत हजेरीला आपलं नाव होतं, मैदानात मात्र 'निर्वासित'. दुकान चालायला लागलं तसा तो शब्द मागे पडला. पैसा परकेपण झटकन पुसतो, हे माझं मत. त्यांना ते पटलं नाही.

आमच्याकडे सालदार होता, तडवी भिल्ल, सातपुड्याच्या पायथ्याचा. आजीची गोष्ट ऐकून एकदा बोलला, "आजी, रान मोकळं नव्हतं. आमचे लोक होते ना." खोटं नव्हतं ते. भिल्लांना आवरायला इंग्रजांनी १८२५ मध्ये औट्रम या अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली, धरणगावला. रिकाम्या मुलखासाठी कुणी पलटण उभारत नाही. आणि ज्यांचं ते रान, त्यांचीच नातवंडं आता आमच्या बागांत घड उतरवतात.

आजीला राग आला नाही. "आसंल," म्हणाली. "माही गोठ मले माह्या सासूनं सांगतली. त्याची त्यानं सांगावी."