नामांतर : टोरांटोचे आणि मराठवाड्याचे

नावाच्या भांडणात नाव हे बहुधा निमित्त असते, हे मराठवाड्यातील दलित माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ठराव विद्यापीठाविषयी होता. पेटल्या त्या खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ४ ऑगस्टला ठार मारण्यात आले. ते मातंग समाजाचे होते. विद्यापीठाच्या सिनेटशी वा पदव्यांशी त्यांचा काय संबंध होता? तरीही त्या नावापायी त्यांना मरावे लागले.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्गात हा भाग सांगत असताना एका विद्यार्थ्याने मला प्रश्न केला. कॅनडात शिकायला जाण्याची त्याची खटपट चालली होती, त्यामुळे त्या देशाविषयी त्याने बरेच वाचले होते. तो म्हणाला, "सर, टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाचेही नाव बदलले. तिथे एकही घर जळाले नाही. मग ते लोक आपल्यापेक्षा सुधारलेले म्हणायचे का?" तास संपत आला होता. मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम हा रायर्सन कोण ते पाहिले पाहिजे. एगर्टन रायर्सन (१८०३ ते १८८२) हा मेथॉडिस्ट धर्मोपदेशक. आजच्या ओंटारिओ प्रांतातील सार्वजनिक शिक्षणाचा तो जनक मानला जातो. तरुणपणी तो मिसिसॉगा लोकांच्या वस्तीत राहिला, त्यांची भाषा शिकला, त्यांच्यात त्याला मित्र मिळाले. हाच मनुष्य १८४७ मध्ये सरकारला अहवाल लिहितो की, या लोकांच्या मुलांसाठी वेगळ्या निवासी शाळा काढाव्यात आणि तेथे त्यांना धर्माचे व शेतकामाचे शिक्षण द्यावे. गोऱ्या मुलासाठी एक शिक्षण, आदिवासी मुलासाठी दुसरे. रायर्सन दुष्ट होता असे म्हणण्याचे कारण नाही. तो त्यांचा हितचिंतकच होता. आपल्याकडेही अस्पृश्यांचे हितचिंतक पुष्कळ होऊन गेले. अस्पृश्याने किती शिकावे आणि काय शिकावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांनी आपल्याच हाती ठेवला होता. रायर्सनचा अपराध याच जातीचा आहे.

पुढे या कल्पनेची यंत्रणा झाली. १८८० च्या दशकापासून कॅनडाच्या सरकारने पैसा दिला आणि ख्रिस्ती चर्चनी शाळा चालवल्या. १९२० मध्ये हजेरीची कायद्याने सक्ती झाली. दीड लाखाहून अधिक मुले आईबापांपासून तोडून या शाळांत घालण्यात आली. मुलांचे केस कापले, नावे बदलली, स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. शेवटची शाळा बंद झाली ती १९९० च्या दशकात. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली. त्यानंतर सत्य आणि समेट आयोगाने साडेसहा हजारांहून अधिक लोकांचे जबाब नोंदवले आणि २०१५ मध्ये या साऱ्या प्रकाराला 'सांस्कृतिक वंशसंहार' असे नाव दिले.

मे २०२१ मध्ये कॅमलूप्स येथील जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारने पाहणी झाली आणि सुमारे दोनशे संशयित थडग्यांची बातमी जगभर गेली. त्यानंतर ६ जून २०२१ रोजी टोरांटोतील रायर्सनचा पुतळा लोकांनी पाडला. विद्यापीठाने तो पुन्हा उभारला नाही. विद्यापीठातील काही आदिवासी विद्यार्थी व प्राध्यापक तर त्याआधीच 'एक्स विद्यापीठ' असे लिहू लागले होते. चौकशीसाठी नेमलेल्या समितीने नाव बदलण्याची शिफारस केली आणि २६ एप्रिल २०२२ रोजी 'टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ' हे नवे नाव जाहीर झाले.

पुतळा पडल्यापासून नाव बदलेपर्यंत साडेदहा महिने लागले. आपल्याकडे ठरावापासून नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. त्या काळात १९७९ चा लाँग मार्च निघाला, हजारो लोक तुरुंगात गेले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले ते नामांतर नव्हे, नामविस्तार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. बाबासाहेबांच्या नावाशेजारी 'मराठवाडा' राहिलाच पाहिजे, ही तडजोड होती.

तेव्हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. असा फरक का पडला?

याचे एक उत्तर असे की, टोरांटोत नाव काढले गेल्याने कोणाचेच काही गेले नाही. एका मृत धर्मोपदेशकाचे नाव गेले आणि एका महानगराचे आले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यापैकी कोणाचेही नाव तेथे लागले नाही. मराठवाड्यात मात्र मागणी होती ती ज्याला गावाबाहेर ठेवले त्याचे नाव गावातल्या सर्वांच्या पदवीवर यावे ही. एखादे नाव पुसणे आणि आपले नाव लिहिणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे कारण याहून खोल आहे. १९७८ च्या आगीचे सरपण कितीतरी आधीपासून रचले जात होते. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामाच्या राजवटीत ज्यांना शाळेची ओसरीही मिळाली नव्हती, त्यांची मुले तेथून पदव्या घेऊन बाहेर पडू लागली. धर्मांतरानंतर महारकीची कामे नाकारली गेली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि गायरानाच्या जमिनीवर दलितांचा नांगर चालू लागला. कचेरीत राखीव जागेवर बसलेला कारकून, मेलेले जनावर ओढायला नकार देणारा तरुण आणि गायरान कसणारी बाई, ही तिन्ही माणसे सवर्ण गावाच्या डोळ्यात सलत होती. त्यांच्याविरुद्ध उघड बोलायला कायदा आडवा येत होता. विद्यापीठाच्या नावाने ती सोय करून दिली. म्हणून घोषणा नावाची होती आणि आग घराला, कडब्याला व उभ्या पिकाला लागत होती.

आता हीच कसोटी कॅनडाला लावून पाहू. तेथे जमिनीला हात घातला की काय होते?

कॅनडाचा 'इंडियन ॲक्ट' १८७६ चा. पुष्कळ दुरुस्त्या होऊनही तो आजतागायत अस्तित्वात आहे. 'इंडियन' हे नावच मुळी कोलंबसाच्या चुकीतून आलेले आणि सरकारने कायद्याने लादलेले. आपल्यावर 'हरिजन' लादले गेले आणि आपण ते फेकून दिले. तेथील लोक स्वतःला 'फर्स्ट नेशन्स', म्हणजे या भूमीवरील पहिली राष्ट्रे म्हणवतात. १८७६ च्या मूळ कायद्यात एक कलम असे होते की, विद्यापीठाची पदवी घेणारा, वकील, डॉक्टर वा धर्मोपदेशक होणारा 'इंडियन' हा आपोआप 'इंडियन' राहत नाही. म्हणजे तो शिकला की जमातीतून आणि जमातीच्या सामाईक हक्कातून बाद. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. हे कलम प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. माझ्या पदवीने माझ्या वस्तीला एक अर्ज लिहिणारा मिळाला. त्या कायद्याचा हेतू नेमका हाच होता की, वस्तीला असा माणूस मिळू नये.

१९२७ पासून तर जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणे किंवा वकील देणे हाच सरकारी परवानगीवाचून गुन्हा ठरला. ही बंदी १९५१ पर्यंत होती. आदिवासी म्हणून असलेला दर्जा न गमावता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क सर्वांना मिळाला तो १९६० मध्ये; आपल्याकडे प्रौढ मताधिकार येऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

१९६९ मध्ये पियर ट्रूडो यांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढून सुचवले की हा कायदा, तो वेगळा दर्जा, सारेच रद्द करू. सर्व नागरिक समान. ऐकायला किती गोड! पण हॅरॉल्ड कार्डिनल या तरुण क्री नेत्याने आणि अल्बर्टातील प्रमुखांनी तिला कडाडून विरोध केला. आधी जमीन घेतली, करार मोडले, आणि आता समतेच्या नावाने देणेच बुडवायचे, हा त्यांचा आक्षेप होता. सरकारला माघार घ्यावी लागली. 'जात विसरा, आता सगळे सारखे' असे आपल्याला ऐकवणाऱ्यांची ओळख ज्यांना आहे, त्यांना या श्वेतपत्रिकेचा अर्थ निराळा सांगायला नको.

पुढे १९७३ च्या काल्डर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींचा भूमिहक्क कायद्याच्या कक्षेत आणला, १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमाने त्यांच्या हक्कांना मान्यता दिली आणि २०१४ मध्ये त्सिलकोतीन लोकांचा त्यांच्या भूमीवरील हक्क प्रत्यक्ष जाहीर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने रिचमंड शहराच्या हद्दीतील जमिनीवर काउइचन लोकांचा हक्क मान्य केला आणि एकदम हलकल्लोळ उडाला. आमच्या घरांचे काय, आमच्या मालकीचे काय, असे प्रश्न उठले. प्रांतिक सरकारने अपिलाची वाट धरली. ज्या समाजाने पुतळ्याचे पडणे पचवले, त्याच समाजाला सातबाऱ्याचा प्रश्न येताच घाम फुटला. याच काळात निवासी शाळांतील मृत्यूंविषयी 'हे सारे अतिरंजित आहे' असे म्हणणारेही पुढे आले. कॅमलूप्सला उत्खनन न झाल्याचा आधार ते घेतात. वास्तविक चार हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद सरकारी आणि चर्चच्या कागदांतूनच झालेली आहे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे : ते लोक सुधारलेले आणि आपण मागासलेले, असा हा हिशेब नाही. तेथे घरे जाळण्याची गरज पडली नाही, कारण कायद्याने आणि शाळेने ते काम शंभर वर्षे शांतपणे केले होते. नाव सोडण्याने सत्ता सुटत नाही, हे तेथील प्रस्थापितांना उमजले. आपल्या गावातील प्रस्थापिताला मात्र वाटले की, हे नाव गेले तर पाठोपाठ जमीनही जाईल. त्याची भीती निराधार नव्हती, एवढेच मी म्हणेन.

आणि हा विद्यार्थी उद्या कॅनडात गेला तर जात त्याच्याआधी तेथे पोचलेली असेल. मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाने जातिभेदाची दखल घेणारा ठराव केला. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने जातिवाचक शिवीगाळीबद्दल एका दलित तक्रारदाराला भरपाई दिली, आणि ऑक्टोबरमध्ये ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने सांगितले की, वंश, कूळ, धर्म या प्रचलित आधारांखाली जातिभेदाची तक्रार करता येते. या हालचालींना तेथील काही भारतीयांनीच विरोध केला. नेमक्या त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ पासून, भारत आणि कॅनडा या दोन सरकारांचे बिनसले. राजदूत परत गेले, आणि २०२५ मध्ये मार्क कार्नी यांच्या काळात संबंध पुन्हा जुळू लागले. दोन राज्ये भांडतात तेव्हा 'भारतीय' हा एकच शब्द उरतो आणि त्या शब्दाच्या पोटातील उतरंड दिसेनाशी होते. आपल्या माणसाने तेथे दोन गोष्टी विसरू नयेत : आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती कोणाकडून घेतलेली आहे, आणि आपली जात विचारणारा शेजारी कोणत्या गावाहून आला आहे.

एका बाबतीत मात्र कॅनडाकडून शिकले पाहिजे. त्या देशाने जबाब नोंदवून घेतले. सोसलेल्या माणसाला समोर बसवले, त्याचे शब्द लिहून घेतले आणि जपून ठेवले. आज नाकारणारे पुढे येतात तेव्हा ते कागद उत्तर देतात. आपल्याजवळ असे किती कागद आहेत? १९७८ मध्ये जे विशीत होते ते आता सत्तरीच्या घरात पोचले आहेत. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले होते. तरी कित्येक कुटुंबांच्या हाती अजून सातबारा आलेला नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानांवर पुन्हा नोटिसांचा धाक आला. नोटीस आलेल्या घरातील म्हातारीनेच कदाचित ७८ ची आग पाहिली असेल.

आपण, म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते, दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जमतो आणि कमानीपुढे नतमस्तक होतो. ते आवश्यकच आहे. पण प्रत्येकाने एका गावाचे काम अंगावर घ्यावे. तेथे कोणाचे घर जळाले, कोणते पीक गेले, गायरानाचा गट नंबर कोणता, कोण परागंदा झाले आणि कोण परत आले, हे त्या माणसांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तो विद्यार्थी पारपत्राच्या कागदांसाठी गावी जाणार आहे. त्याला मी सांगितले आहे की, येताना आजीचा जबाब घेऊन ये. कोरी वही मीच त्याला दिली आहे.